रिकाम्या बाटल्यांचा विमा

आमच्या घरात नवी सून आली की तिला दागिन्यांच्याही आधी माझी बाटल्यांची गोष्ट मिळते. सांगायचं काम धाकट्या जाऊबाईंकडे आहे आणि त्या दर वेळी बाटल्या वाढवून सांगतात. मागच्या लग्नात बाटल्या बैलगाडीत मावेनाशा झाल्या होत्या. तेव्हा म्हटलं, आता मीच लिहून ठेवते. फजिती माझी आहे, तर ती निदान माझ्या मापाची तरी असावी.

दापोडीत रेल्वेच्या रुळांपासून जवळच आमचा कारखाना होता. कारखाना आपला पाटीवर. प्रत्यक्षात एक पत्र्याची शेड, एक ऑइल इंजिन, त्याच्या पट्ट्यावर फिरणारे दोन लेथ आणि कोपऱ्यात भट्टी आणि ऐरण. शेडच्या पाठीला पाठ लावून दोन खोल्या, त्यांत आमचा संसार. मी पुण्यातल्या पेठेतून लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, कारखानदाराशी लग्न झालंय. पहिल्याच आठवड्यात कळलं की कारखानदार म्हणजे ज्याच्या सदऱ्यावर नोकरांपेक्षा जास्त ऑइल असतं तो.

माणसं सात. त्यातला घण मारणारा पुनावळ्याचा, वयानं मोठा, म्हणून सगळे त्याला मामा म्हणत. आणि टर्नर काळेवाडीचा. घरची थोडी शेती भाऊ करायचा आणि हा सायकल हाणत रोज आमच्याकडे. लेथवर त्याचा हात बसला की ह्यांना बाकी काही बघावं लागत नसे. पुण्याचा एक इंजिनवाला व्यापारी आमच्याकडून पितळेचे बुश, म्हणजे इंजिनात दांड्याभोवती बसणारी कडी, करून घ्यायचा, तो ह्यांचं नाव घ्यायचा नाही. विचारायचा, "टर्नर तोच आहे ना?"

त्या सुमाराला सरकारी विम्याची योजना पुण्याकडे आली होती. पगारातून थोडे पैसे कापायचे, मालकानं भर घालायची आणि माणूस आजारी पडला की कार्ड दाखवून औषध. पण ती वीस आणि त्याहून जास्त माणसांच्या कारखान्यांना. हे म्हणायचे, "आणखी तेरा माणसं ठेवली की आपल्यालाही विमा." त्या तेरा जणांचा पगार कुठून आणायचा, हे काही योजनेत नव्हतं.

तर एके दिवशी दुपारच्या सुट्टीत टर्नर माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात.

"वैनी, मालकांस्नी तुमीच सांगा. माझी जीभ उचलंना झालीया."

"काय झालं?"

"मोठ्या कारखान्यातनं बोलावणं आलंय. पुढल्या म्हैन्याच्या पयल्या तारखंपास्नं. पगार हितल्याइतकाच हाय, त्याचं काय न्हाई. पर तिथं कारखान्याचा सोताचा दवाखाना हाय. घरच्यांना बी औषध देत्यात. आमच्या आईचा दमा तुमाला ठावं हायच. दर आठवड्याला बाटली लागती. मी बाकी कशाला हलतोय हितनं?"

एवढं बोलून तो टोपी घालून गेला आणि मी पोळी करपवली.

मी ह्यांना जेवताना सांगितलं, ही आणखी एक चूक. हे ताटावरून तसेच उठले. इंजिनवाल्याचं मोठं काम नुकतंच हातात आलं होतं. टर्नर गेला तर ते काम जाणार, काम गेलं तर दुसरा लेथ विकावा लागणार आणि एका लेथवर सात घरं चालत नाहीत. आमचं धरून आठ.

संध्याकाळी हे म्हणाले, "आपणच देऊ औषधाचे पैसे. फक्त त्याला नको, सगळ्यांना. लेथ विकण्यापेक्षा स्वस्त पडेल."

आणि त्याच शनिवारी पगाराबरोबर प्रत्येकाच्या हातावर औषधपाण्याचे म्हणून थोडे पैसे ठेवलेसुद्धा. सोमवारी मामा नवी कोरी बॅटरी कमरेला खोचून आला.

"मामा," हे म्हणाले, "ते पैसे औषधाचे होते."

"औषदाचंच हायत की मालक. रातच्याला वाटंवर इंचू दिसाय नको? चावल्यावर डाक्टरला देण्यापरीस म्या आधीच बंदोबस्त केला."

टर्नरला तेवढ्या पैशांत आईची बाटली पुरत नव्हती आणि ज्याच्या घरात कुणी शिंकतही नव्हतं त्याला पैसे उरत होते. हे चुकतंय एवढं आम्हाला कळलं. मी मॅट्रिक पास. त्या पत्र्याच्या शेडच्या आसमंतात माझ्याइतकं शिकलेलं कुणी नाही, असा माझा समज होता. मी म्हटलं, "ज्याला जेवढा खर्च येईल तेवढाच द्यायचा. डॉक्टरांकडून पावती आणली की पैसे परत."

डॉक्टरांचा दवाखाना रस्त्याकडेला एका खोलीत. पैसे टेबलाच्या खणात टाकायचे, की विषय संपला. मी पावतीचं काढलं तसे ते माझ्याकडे बघतच राहिले.

"वहिनी, मी नाडी बघतो. पावत्या वाणी देतो."

"पण मग खर्च झाला हे आम्हाला कळणार कसं?"

"पेशंट जिवंत आहे ना? त्यावरून."

मी रागानं उठले. आणि उठता उठता मला सुचलं.

हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं, तेव्हा गोळ्या फार नव्हत्या. औषध म्हणजे गुलाबी नाहीतर तपकिरी पाणी आणि त्यासाठी बाटली आपली आपण घरून न्यायची. डॉक्टर त्यात औषध भरणार आणि बाटलीच्या अंगावर कागदाची एक उभी पट्टी चिकटवणार. पट्टीच्या कडेला कात्रीनं खाचा पाडलेल्या. एक खाच म्हणजे एक डोस. औषध संपलं की तीच बाटली धुऊन पुन्हा न्यायची. म्हणजे पट्टी लावलेली रिकामी बाटली हा औषध घेतल्याचा केवढा मोठा पुरावा! ती आणून दाखवायची, डॉक्टरांनी घेतले तेवढे पैसे घेऊन जायचे. आणि एकच बाटली कुणी दोनदा दाखवू नये म्हणून ती आमच्याकडेच ठेवून घ्यायची.

मी हे सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "तू मंत्री व्हायला हवी होतीस."

मी ते खरं मानलं. दुसऱ्या दिवशी शेडच्या पायरीवर उभी राहून मी स्वतः सगळ्यांना नियम समजावून सांगितला. मामानं शंका काढली.

"वैनीबाई, बाटली भरल्याली पायजे का रिकामी?"

"रिकामी."

"मंग काय, आजच करतो की."

पहिल्या आठवड्यात सगळं इतकं सुरळीत झालं की मी जरा जास्तच डोकं वर करून चालायला लागले. बाटल्या आल्या, मी त्या धुतल्या, मांडणीच्या वरच्या फळीवर ओळीनं लावल्या. पितळेची भांडी खाली गेली. शेजारणी बघून जात. मलाही वाटायचं, कारखान्याला आता कारखान्याची कळा आली.

मग बाजाराच्या आदल्या दिवशी ऐरणीचा आवाज थांबला. हे जाऊन बघतात तो मामा कोळशाच्या पोत्यावर आडवा, तोंड उघडं आणि घोरणं इंजिनच्या वर. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी डोळे बघितले, नाडी बघितली आणि म्हणाले, "काही नाही, झोपू द्या. खोकल्याच्या औषधात झोपेचं थोडं असतंच. पण याला एवढी झोप का लागली?"

मामा उठल्यावर उलगडा झाला. "तीन दिसांचं औषद येका दमात घेतलं, वैनीबाई. उद्या बाजार हाय. बाटली रिकामी झाल्याबिगर तुमी पैसं देत न्हाई."

"आणि खोकला?"

"खोकायला जाग यायला नको?"

मी पायरीवर उभी राहून दुसरा नियम सांगितला. औषध सावकाश प्यायचं. माना हलल्या. पण माझ्या पहिल्या नियमातच जी मेख होती ती मला अजून दिसली नव्हती. बाटली आमच्याकडे जमा झाली की पुढच्या वेळी डॉक्टरांकडे न्यायला माणसाकडे बाटली कुठली? मग कुणी शेजाऱ्याची मागून आणायचा, कुणी सासुरवाडीहून. त्याही येऊन माझ्या फळीवर बसायच्या. दापोडीच्या त्या गल्ल्यांतली प्रत्येक बाटली पाय फुटल्यासारखी आमच्या मांडणीकडे चालत येत होती आणि मी त्या पुसून चकचकीत करत होते.

एका सकाळी डॉक्टर सायकलवरून आले. घंटी न वाजवता. तेही दवाखान्याच्या वेळात.

"वहिनी, काल एक बाई औषधाला तांब्या घेऊन आली. तांब्या! पट्टी कुठे चिकटवू, काठावर? एकजण शाईची दौत घेऊन आला. त्याचं औषध निळं झालं, तो म्हणतो याला जास्त गुण आहे. विचारलं, बाटल्या गेल्या कुठे, तर सगळे तुमच्या घराकडे बोट दाखवतात."

बोलता बोलता त्यांचं लक्ष मांडणीकडे गेलं आणि ते थांबले. टोपी काढून जवळ गेले.

"हा दवाखाना माझ्यापेक्षा मोठा आहे," ते म्हणाले.

मी चहा टाकला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. चहा पिता पिता ते बाटल्या ओळखत होते. ही अमक्याच्या पोटदुखीची, ही मामाची, हीही मामाची. आणि मग सहज म्हणाले, "टर्नरच्या आईची एकही दिसत नाही ती?"

"तो औषध नेत नसेल."

"दर आठवड्याला नेतो. आणि दर वेळी नवी बाटली घेऊन येतो. भंगारवाल्याकडून विकत आणतो म्हणाला."

मी फळीवरच्या सगळ्या बाटल्या पुन्हा बघितल्या. खरंच, ज्याच्यासाठी हा सगळा उद्योग मांडला होता त्या एका माणसाला माझ्या योजनेतून आजवर एक आणासुद्धा मिळाला नव्हता. उलट बाटल्या मी अडवून ठेवल्यामुळे त्याचा बाटलीचा खर्च वाढला होता.

मी तशीच शेडमध्ये गेले. टर्नर लेथवर वाकलेला.

"बाटली का आणत नाहीस?"

"ऱ्हाऊ द्या वैनी. आता हितं थोडंच दिस ऱ्हायलं माझं."

"अरे, पण का?"

"आई देत न्हाई."

"का देत नाही?"

त्यानं लेथ थांबवला. "तिला इचारायची माझी छाती न्हाई. तुमी इचारा."

रविवारी मी पिंपरीपर्यंत बसनं गेले आणि पुढे नदीपलीकडे परतणाऱ्या एका बैलगाडीत बसून काळेवाडीला. गाडीवान वाटेत विचारत होता, "कुणाकडं जायाचं, बाई?" मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हातारीकडं? जपून बोला." मला धीर द्यायला एवढं पुरे होतं.

म्हातारी काटकुळी होती. दमा असा की दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यायला थांबायची, पण त्या दोन वाक्यांत समोरच्याला पुरा करायची. मला घोंगडीवर बसवलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. समोरच भिंतीला फळी होती आणि फळीवर बाटल्या. डॉक्टरांच्या पट्ट्यांसकट.

"आजी, या बाटल्या कसल्या?"

"ही रॉकेलची. ही करंजाच्या त्यालाची, बैलाच्या खांद्याला लागतंय. हिच्यात मध हाय, नातवाला खोकला झाला तर. ह्या दोनीत बियाणं, उंदरं लागत न्हाईत."

"आणि ही? ही तर रिकामी आहे."

"ती रिकामीच हाय. लागली तर?"

मी तिला योजना समजावून सांगितली. चांगली सावकाश, बोटांवर मोजून. ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजी औषद पिणार मी, आन बाटली ठिवणार तुमी."

"पण पैसे परत मिळतात ना, आजी."

"कुनाला?"

"तुमच्या मुलाला."

"पैसं त्येला. बाटली माझी." तिनं श्वास घेतला. "तुमी शिकल्याल्या हायसा. तुमीच सांगा ह्यात माझं काय झालं?"

या हिशेबात चूक कुठे आहे ते मी इतकी वर्षं शोधतेय. अजून सापडलेली नाही.

तरी मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, निदान ती रिकामी तरी द्या, आणि हात पुढे केला. तिनं माझं मनगट धरलं. दम्याच्या माणसाच्या हातात एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं. आम्ही दोघी तशाच, एक बाटली, तिच्यावर दोन हात. आणि मग तिला हसू आलं. हसण्यातून खोकला आला, खोकल्यातून पुन्हा हसू. मी पाणी दिलं. ते पिऊन ती वैतागून म्हणाली, "आवं, तुमाला त्यो कागुद पायजे न्हवं? मंग कागुद घिऊन जावा की! मला नगंच हाय त्यो. त्यालाचा हात लागला की सुटतोय आन कालवणात पडतोय."

तिनं बाटली पाण्याच्या घंगाळात बुडवली, अंगठ्यानं पट्टी सरकवली आणि ओली पट्टी माझ्या तळहातावर ठेवली.

मी त्या पट्टीकडे बघत राहिले. खाचा, डॉक्टरांची कात्री, सगळं शाबूत. पैसे परत द्यायला बाटली कधी लागतच नव्हती. लागत होती ही चिटोऱ्याएवढी पट्टी. ह्यांच्या मंत्री बसल्या होत्या काळेवाडीत, घोंगडीवर, तोंड उघडं टाकून.

मग आम्ही दोघींनी मिळून सगळ्या पट्ट्या सोडवल्या आणि सुपात पसरून उन्हात ठेवल्या. एका पट्टीवरून कोंबडी चालत गेली, ती मी हाकलली. इतका वेळ मनात होतं ते मग मी विचारलं.

"आजी, तो जाणारच का हो मोठ्या कारखान्यात?"

"जातो म्हनतोय. माझ्यापायी जातोय. तिथं औषद फुकाट हाय म्हनं."

खोटं बोलून उपयोग नव्हता. "हो, तिथे पैसेच पडत नाहीत. आमच्याकडे आधी द्यायचे, मग परत मिळणार."

म्हातारीनं सुपातली एक पट्टी उलटी केली. "परत मिळत्यात त्ये कुनाच्या हातात देता?"

"टर्नरच्या."

"त्येच्या का? दम माझा. खोकला माझा. कडू त्वांड माझं." श्वास. "मला आजपातूर कुनी हातात पैका दिल्याला न्हाई. म्हाताऱ्यानं न्हाई, ल्योकानं न्हाई. वाईट न्हाईत, पर देत न्हाईत. लागंल त्ये आनून देत्यात."

मी ह्यांना न विचारता, पायरीवर न चढता, तिथल्या तिथे तिसरा नियम केला. "ज्यानं औषध प्यायलं, पैसे त्याच्या हातात."

तिनं गुळाचा आणखी एक खडा दिला, पहिल्यापेक्षा मोठा.

परत आल्यावर माझ्या मांडणीवरच्या सगळ्या बाटल्या टोपल्यांत भरून हातगाडीनं डॉक्टरांकडे पोचवल्या. त्यांना इतका आनंद झाला की मी प्रत्येक पट्टीवर सही आणि घेतलेले पैसे लिहायची मागणी केली ती त्यांनी लगेच कबूल केली. "पावती नाही हं ही," ते स्वतःलाच बजावत होते, "ही पट्टी आहे."

पण टर्नर काही बोलेना. कामाला यायचा, मान खाली घालून बुश कातायचा, जायचा. मीही विचारलं नाही आणि ह्यांनी तर विचारूच नये अशी माझी ताकीद होती. बघता बघता महिना संपला.

पहिल्या तारखेला सकाळी हे सगळ्यांच्या आधी शेडमध्ये. इंजिनला तेल घालत होते. त्याच इंजिनला आदल्या दिवशी तेल घातलं होतं. माणसं आली, मामा आला, भट्टी पेटली. टर्नरच्या लेथपाशी कुणी नव्हतं. मी दारात तांदूळ निवडायला बसले, रस्ता दिसेल अशी.

बऱ्याच उशिरानं सायकल दिसली. फार सावकाश येत होती. जवळ आली तेव्हा कळलं का ते. मागे कॅरिअरवर म्हातारी, एका हातानं लेकाचा सदरा घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

टर्नर घामाघूम झाला होता. सायकल भिंतीला लावून ह्यांच्यासमोर उभा राहिला. "मालक, उशीर झाला. मोठ्या कारखान्यात न्हाई म्हनून सांगून आलो."

हे तेलाचा डबा तसाच धरून उभे. "का रे? तिथे औषध..."

"माझं काय चालतंय का मालक? ही म्हनती, तिथं औषद देत्यात पर हातात पैसं देत न्हाईत, मला नगं तसला दवाखाना. रातभर ह्येच." मग हळूच म्हणाला, "मालक, डबा."

तेल ह्यांच्या पायावर ओघळत होतं. ह्यांना पत्ता नव्हता. मामा घणावर रेलून इतका हसला की त्यालाच खोकला लागला.

"ए बाबा," म्हातारी त्याला म्हणाली, "सावकाश पी हां औषद."

तिची कीर्ती आमच्याकडे पोचायच्या आधी मामाची तिच्याकडे पोचली होती तर.

मी फडक्यातल्या पट्ट्या घेतल्या आणि पैसे तिच्या तळहातावर ठेवले. तिनं मूठ मिटली, पुन्हा उघडून बघितली, पुन्हा मिटली. सायकल संध्याकाळशिवाय परत जाणार नव्हती. तेव्हा दिवसभर ती माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिली, बशीतून चहा पीत, पलीकडे लेथ चालू होता तिकडे अधूनमधून बघत. माझ्या भाकरी थापण्याला तिनं नावं ठेवली, मग स्वतः थापून दाखवली.

आणि ही बातमी आमच्या मागच्या दारातून कशी बाहेर पडली कोण जाणे. पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी मामाची बायको पुनावळ्याहून आली, गुडघ्याला लावायच्या औषधाची पट्टी पदराच्या गाठीत बांधून. तिच्यामागे भट्टीवाल्याची आई, तिच्यामागे आणखी कुणाची बहीण, कडेवर पोर. ज्यानं औषध घेतलं, पैसे त्याच्या हातात! मामा घण टाकून माझ्याकडे आला.

"वैनीबाई, ह्यो कसला कायदा केलासा? आता ही मला च्या प्यायला बी पैसं मागाय लावंल."

"मागा की," त्याची बायको म्हणाली. "गोड बोलून मागा."

अंगणात हशा पिकला. कुणी तांदूळ निवडायला घेतले, कुणी माझ्या चुलीत फुंकर मारली, पुन्हा सायकलवरून आलेली काळेवाडीची म्हातारी सगळ्यांना पट्टी न फाडता कशी सोडवायची ते शिकवत होती. दुसऱ्यांदा चहा टाकला तेव्हा कप संपले, मग वाट्या, मग फुलपात्री. एवढ्यात शेडमधून ह्यांची हाक आली, आवाजावर आवाज चढवून.

"अगं, कारखाना नक्की कुठल्या बाजूला आहे?"